नाना पेठेतले दोन मुक्काम

ज्येष्ठ वद्य पक्षात, पावसाची एखादी सर येऊन गेलेली असताना, पुण्याच्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत पायी चालत आलेल्या माणसांची रीघ लागते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते, तर देहूहून आलेली तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात विसावते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यातला अगदी थोडा भाग इथवर सरलेला असतो आणि दिवे घाटाची चढण पुढे उभी असते.

या दोन मुक्कामांत पेठांमधली कितीतरी छोटी दुकाने गिऱ्हाइकांसाठी जणू बंद होतात आणि वारकऱ्यांसाठी उघडतात. आजचे आपले निवेदन त्या दुकानांविषयी आहे.

पदपथावर पोते अंथरून बसलेल्या या कारागिराकडे पाहा. चपला दुरुस्त करण्याचा त्यांचा वर्षभराचा व्यवसाय याच परिसरात चालतो. त्यांच्या उजव्या हाताशी आरी आणि रापी आहे, डावीकडे मेण लावलेला दोरा आहे, आणि समोर ज्यांचे अंगठे तुटले आहेत, बंद निसटले आहेत, टाचा एका बाजूने झिजल्या आहेत अशा चपलांचा ढीग वाढत चालला आहे. ते चप्पल उचलतात, आधी उलटी करून तळ पाहतात, बोटाने दाबून कुठे पोकळ लागते ते तपासतात आणि मगच आरी टोचतात. तुटलेला अंगठा शिवून झाला तरी ते चप्पल लगेच परत देत नाहीत, कारण दुसऱ्या पायातल्या चपलेचा अंगठाही दोन-चार दिवसांत जाणार हे त्यांना दिसते. तेव्हा तोही शिवून दिला जातो. वारकऱ्याने हे मागितलेले नसते. पण रस्ता किती लांब आहे आणि चामडे किती दिवस टिकेल, याचा हिशेब वारकऱ्यापेक्षा या कारागिराला अधिक चांगला कळतो, आणि त्यांच्या सेवेचे खरे मोल या जाणकारीत आहे.

पलीकडच्या गल्लीत केशकर्तनालयांच्या मालकांनी खुर्च्या बाहेर आणून मांडवात ओळीने लावल्या आहेत आणि दाढी-कटिंगसाठी वारकऱ्यांची रांग लागली आहे. कुणी शिलाई यंत्र रस्त्याच्या कडेला मांडून फाटलेल्या पडश्या शिवतो, कुणी छत्रीच्या काड्या बदलून देतो, तर मोबाइलच्या दुकानदाराने घरी फोन लावू पाहणाऱ्यांसाठी चार्जिंगची सोय करून ठेवली आहे. यांपैकी बहुतेकांची रोजची कमाई रोजच्या कामावर अवलंबून असते. त्यामुळे दुकान दोन दिवस सेवेसाठी द्यायचे, तर त्या दोन दिवसांचे उत्पन्न पूर्णपणे सोडावे लागते.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचा वार्षिक निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, किंवा जिची उलाढाल १,००० कोटींच्या अथवा जिची निव्वळ मालमत्ता ५०० कोटींच्या घरात जाते, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे बंधन आहे. पदपथावरच्या कारागिराला हा कायदा लागू होत नाही. त्याचा कुठलाही अहवाल निघत नाही आणि त्याच्या सेवेची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

तरीही ही रीत इथे परकी नाही, कारण ज्या संतांच्या नावाने ही वाट चालली जाते, त्यांतले अनेक जण स्वतः धंदा करणारे होते. नामदेव शिंप्याच्या घरातले, सेना महाराज न्हावी, नरहरी सोनार, गोरोबा कुंभार, तर अरणचे सावता महाराज माळी. तुकाराम महाराजांचे घर देहूतले वाण्याचे होते. दुकान होते, सावकारीही होती. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, धंदा बसला, आणि ज्यांच्याकडून येणे होते ती माणसेही उघड्यावर पडली. तेव्हा तुकोबांनी भावासोबत कर्जखतांची वाटणी करून आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. एका छोट्या व्यापाऱ्याने आपल्या गावासाठी याहून थेट असे काय करावे? लोकांकडे त्याचे येणे होते. ते त्याने सोडले.

पुण्यातल्या या दुकानदारांपैकी अनेकांची मुळे मराठवाड्यात, सोलापूर-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात आहेत. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरही अनेक कुटुंबे गाव सोडून पुण्या-मुंबईकडे आली आणि हातातल्या कसबावर तगली. त्याच भागांतून आलेली दिंडी दारात थांबते तेव्हा समोर बसलेल्या माणसाची बोली ओळखीची निघते, गावाचे नाव विचारले जाते, आणि वस्तरा चालता चालता पेरण्या झाल्या का, पाऊस कसा आहे, अशी चौकशी सुरू होते.

मात्र देणाऱ्याने डोळसपणे द्यावे, असे आम्हाला मनापासून वाटते. एकाच चौकात दहा मांडवांमधून केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटले जातात, वारकऱ्याच्या हातात ते मावत नाहीत, आणि संध्याकाळी तो रस्ता साली आणि प्लास्टिकने भरून जातो. पुढच्या एखाद्या लहान गावात मात्र प्यायच्या पाण्याची ओढाताण असते. दिंडीचा स्वयंपाक तिच्यासोबतच्या मालट्रकवर चालतो. स्वयंपाक करणाऱ्यांना कणीक, तेल, गूळ, चहाची पूड आणि गॅसची टाकी यांची गरज सगळ्यांत अधिक असते. एखादा किराणा दुकानदार दिंडीप्रमुखांना आधी विचारून तेवढेच सामान पोचवतो, तेव्हा त्याच्या दारावर फलक लागत नाही आणि छायाचित्रही निघत नाही, पण पन्नास माणसांची भाकरी वेळेवर होते. म्हणूनच आमच्या मते चौकातल्या मोठ्या फलकापेक्षा ही विचारपूस अधिक मोलाची आहे.

आता मुक्कामाची दुसरी संध्याकाळ आहे. पहाटे पालख्या निघतील. माउलींची पालखी हडपसरवरून दिवे घाटाकडे वळेल आणि तुकोबांची लोणी काळभोरच्या वाटेने जाईल. मांडवातल्या खुर्चीवरून एक वयस्कर वारकरी उठतात. त्यांच्या गालावरून तुरटीचा खडा नुकताच फिरला आहे. केस कापणारा तरुण कात्री बाजूला ठेवून त्यांच्या पायांना हात लावतो, आणि वारकऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे तेही वाकून त्याच्या पायांना हात लावतात. दोघेही एकमेकांना माउली म्हणतात. तरुण अंगावरचे कापड झटकतो, वाटीतले पाणी बदलतो, वस्तऱ्यात नवे पाते घालतो, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला खुर्ची दाखवतो.