गामा आणि झ्बिस्को: एक जोड, दोन कुस्त्या

मंडळी, गामा पैलवानाचं नाव काढलं की लोक खुराकाचे आकडे सांगायला लागतात. एवढं दूध, एवढे बदाम, एवढ्या हजार बैठका. सांगणाऱ्यागणिक आकडा वाढतो, म्हणून मी त्यात पडत नाही. मला त्याच्या दोनच कुस्त्यांवर बोलायचंय. समोरचा पैलवान एकच, मधे जवळपास अठरा वर्षं.

गामा कुस्तीवर पोट भरणारा माणूस. दतिया संस्थानच्या आश्रयाला वाढलेला. १९१० साली तो भाऊ इमामबक्षला घेऊन लंडनला गेला. (हाच इमामबक्ष पुढे १९१२ साली कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाच्या पहिल्या कुस्तीत उतरला.) गामाची उंची कमी म्हणून तिथल्या स्पर्धेत त्याला घेईनात. मग त्यानं जाहीर केलं: कुठल्याही वजनाचे तीन पैलवान आणा, तीस मिनिटांत पाडतो. लोकांना ती थाप वाटली. अमेरिकेचा डॉक्टर रोलर पुढे आला आणि चीत झाला, तेव्हा कुठे पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को समोर उभा राहिला.

१० सप्टेंबर १९१०. बक्षीस अडीचशे पौंड आणि विजेत्याचा जॉन बुल पट्टा. सुरुवातीलाच गामानं त्याला खाली घेतलं, आणि तिथून कुस्ती थांबल्यासारखीच झाली. झ्बिस्को मॅटला पोट लावून पडला तो उठेचना. गामापेक्षा कितीतरी वजनदार, मान बैलासारखी, कोपरं अंगाशी घट्ट. वरच्यानं सवारी कसायची, मानेत घिस्सा मारायचा, हे खालच्याला उताणं करायचे डाव, पण खालचा एक खांदाही वळू देत नाही. पाठ टेकल्याशिवाय निकाल नाही. अडीच तासांहून जास्त हेच चाललं. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या शनिवारी पुन्हा लढत ठरली, झ्बिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला.

झ्बिस्कोला भेकड म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. धंदेवाईक पैलवानाचा भाव त्याच्या हार-जितीवर ठरतो. एकदा चीत झालात की पुढची कुस्ती निम्म्या पैशात. उभं राहिलो तर पडणार, हे त्यानं पहिल्या मिनिटात ओळखलं आणि नियमात बसेल तेवढं केलं. न येणं मात्र वाईटच, ते मी झाकत नाही.

दुसरी कुस्ती १९२८ची, पतियाळात, महाराजा भूपिंदरसिंगांच्या पुढ्यात. दोघंही पन्नाशीला टेकलेले. या खेपेस मॅट नव्हती, खणून भुसभुशीत केलेली माती होती. मातीत पाय रुततो, घाम माती पिऊन टाकते, पकड सुटत नाही. गामाचं सगळं आयुष्य त्यात गेलेलं. सलामी झाली, हात भिडले, आणि मिनिट पुरं व्हायच्या आत झ्बिस्कोची पाठ मातीला लागली. आडवं पडून राहायलाही त्याला फुरसत मिळाली नाही.

पुढे गामाला तोलामोलाची जोड मिळेना. फाळणीनंतर तो पाकिस्तानात राहिला. संस्थानं गेली, तशा पैलवानांच्या नेमणुकाही गेल्या. ज्याला अवघ्या हिंदुस्थानात कुणी चीत केलं नाही, त्याची शेवटची वर्षं लाहोरात आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली. १९६० साली तो वारला.