तापातली शुगर

(दृश्य: ठाणे स्टेशन, पावसाळी संध्याकाळ. सॅटिसच्या पुलावर टीएमटी बसच्या रांगा, ओल्या छत्र्या, कुणीतरी रुमालात शिंकतंय.)

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की ठाण्यातल्या दवाखान्यांत संध्याकाळी बाकड्यावर जागा मिळेनाशी होते. नौपाड्यात तेच, कोपरीत तेच, किसननगरच्या गल्लीतही तेच. काय झालंय असं फारसं कुणी विचारत नाही. ‘व्हायरल चालू आहे’ एवढ्यावर भागतं. तीन दिवस ताप, आठवडाभर खोकला, आणि माणूस पुन्हा लोकलच्या दारात लटकायला मोकळा.

पण त्याच बाकड्यावर बसलेल्या काही जणांच्या पिशवीत आणखी एक फाईल असते. शुगरची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांचा आकडा दहा कोटींच्या वर गेला आहे. या मंडळींचं व्हायरल इतरांसारखं तीन दिवसांत आटपेलच असं नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर पेजेचं भांडं, शेजारी ग्लुकोमीटर.)

ठाण्यातल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरला एक संवाद पाठ असतो.

“अहो, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. आज इन्सुलिन राहू द्या.”

“अगं, मीही तेच म्हणतोय. उगाच शुगर खाली जायची.”

ऐकायला बिनचूक वाटतं. जेवण नाही, म्हणजे साखर नाही, म्हणजे औषध नको. वर्षातले बाकीचे दिवस जेवणाचं आणि औषधाचं गणित असंच मांडलेलं असतं, त्यामुळे माणसाला दोष तरी काय द्यायचा? तापात मात्र हेच गणित उलटतं. शरीर जंतूशी लढायला लागलं की कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनलिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरकं वाढतात. ती यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा जोरही कमी करतात. ताटात काही नसतानाही मीटरवर तीनशेच्या पुढचा आकडा दिसू शकतो. वाढलेली साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते, ताप आणि उलट्या त्यात भर घालतात, आणि अंग आतून कोरडं पडायला लागतं. इन्सुलिन फारच कमी पडलं तर शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून तयार होणारी किटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. ही अवस्था जिवावर बेतू शकते. टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा प्रकार, असलेल्यांना तिचा धोका सर्वांत जास्त.

म्हणून जे इन्सुलिनवर आहेत त्यांच्यासाठी तापातला पहिला नियम असा: रोजचं मूळ (जेवणाशी न बांधलेलं, दिवसभर पुरणारं) इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. जेवणाआधीचा डोस खाण्यानुसार कमी-जास्त होऊ शकतो, पण किती, ते डॉक्टरांना फोन करून ठरवायचं. शुगर दर चार तासांनी बघायची, रात्रीसुद्धा.

गोळ्यांचं तंत्र वेगळं आहे आणि इथे घोळ जास्त होतो. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर मेटफॉर्मिन काही दिवस थांबवायला सांगितलं जातं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर आजारपणात आवर्जून थांबवतात. त्या लघवीतून साखर बाहेर काढतात आणि पाणीही सोबत नेतात. उलट ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन माणूस उपाशी झोपला, तर शुगर खरोखरच ७० च्या खाली घसरू शकते. म्हणजे ‘तापात औषध चालू ठेवा’ हेही अर्धवट आणि ‘बंद करा’ हेही अर्धवट. आपल्या चिठ्ठीतल्या कोणत्या गोळीचं काय करायचं, हे ताप नसताना, मे महिन्यातच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. १०२ ताप असताना फोनवर स्पेलिंग सांगत बसायची वेळ नको.

(दृश्य: जांभळी नाक्याचा बाजार. आलं, गवती चहा, गुळाची ढेप.)

आता घरचे उपाय. काढा हवाच, त्याने घशाला बरं वाटतं, पण त्यात गुळाचा खडा कुणी मोजून टाकत नाही. साबुदाण्याची खीर हलकी म्हणून दिली जाते, ती पचायला हलकी असेलही, शुगरला नाही. खोकल्याची बरीच औषधं साखरेच्या पाकातली असतात. केमिस्टला ‘शुगर फ्री द्या’ म्हटलं की मिळतात. आणि ‘लई अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ हा आपला हक्काचा आग्रह. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. डॉक्टरांना मधुमेहाचं सांगितलं नसेल, तर ती थेट शिरेत जाते. ‘एका इंजेक्शनात मोकळं वाटलं’ त्या इंजेक्शनात कधी कधी स्टेरॉइड असतं. त्याने शुगर दोन दिवस उसळलेली राहू शकते. घेण्याआधी विचारलेलं बरं.

प्यायला साधं पाणी, पातळ ताक, वरणाचं पाणी. काहीच खाल्लं जात नसेल तर घोट घोट पेज. तेव्हा पेजेतल्या पिठूळपणाची भीती बाळगायची नाही, अंगाला थोडं इंधन लागतंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नारळपाणी डॉक्टरांना विचारून.

पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लू नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), तिन्ही याच महिन्यांत फिरतात. म्हणून रक्ततपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची गोळी नको. आणि तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात तर पाय धुऊन, निरखून बघा. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला जखम कळत नाही, आणि लेप्टोला तेवढी फट पुरते.

(दृश्य: दवाखान्यातला लहान फ्रीज. आतल्या खोक्यांवर कॅमेरा सावकाश जातो.)

फ्लूची लस. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला आणि सगळ्यांच्या तोंडावर रुमाल आले. त्या साथीचा कॅनडाच्या क्युबेक प्रांतात अभ्यास झाला. मधुमेह असलेल्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती, दाखल झालेल्यांत अतिदक्षता विभागात जाण्याची चौपट. तो विषाणू, एच१एन१, कुठेही गेलेला नाही. एच३एन२ आणि बी प्रकाराबरोबर आता तो दरवर्षी येणारा पाहुणा आहे.

या लशीचं कौतुक चुकीच्या बाजूने केलं जातं. ‘घ्या, म्हणजे फ्लू होणार नाही’ असं सांगतात, मग ऑगस्टमध्ये सर्दी झाली की माणूस म्हणतो, पैसे पाण्यात गेले. लशीतले प्रकार साथीशी नीट जुळले तरी डॉक्टरकडे जायला लावणारा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच टळतो. पण फ्लू झालाच तर तो न्यूमोनियापर्यंत जाण्याची शक्यता कमी होते. मधुमेह असलेल्या माणसाला लस घ्यायची ती यासाठी.

विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही बदलते. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी प्रकार सुचवते. आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्यात येते, दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये. परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मे उत्तम. राहून गेली असेल तर जुलैतही घ्या. खोक्यावर साल छापलेलं असतं, ते वाचून घ्या. मार्च २०२० नंतर बी विषाणूची यामागाता शाखा जगात कुठे खात्रीने सापडलेली नाही, आणि चौथा घटक तिच्यासाठीच होता, त्यामुळे चारऐवजी तीन घटकांची लस मिळाली तर ती कमअस्सल समजू नका.

टोचायच्या लशीत विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्यापासून फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मधुमेहींसाठी नाही.

खर्च खासगीत दीड-दोन हजारांच्या घरात जातो. दरवर्षी. पेन्शनवर चालणाऱ्या घरात तो जड वाटतो, आणि त्यात चूक काही नाही. पालिकेच्या आरोग्य केंद्रात जोखमीच्या गटासाठी मोफत साठा आला आहे का, हे आधी विचारावं.

(दृश्य: रात्र. रिक्षा रुग्णालयाच्या दारात थांबते.)

आणि एवढं करूनही कधी रात्री निघावं लागतं. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, धाप लागते, माणूस असंबद्ध बोलतो, शुगर तीनशेच्या खाली येत नाही, यांतलं एक जरी असलं तरी सकाळची वाट बघायची नाही. फ्लूवरचं औषध, ओसेल्टामिव्हिर, पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात सांगा: मधुमेह आहे, शेवटचं इन्सुलिन किती वाजता घेतलं, गोळ्या या. आणि त्या गोळ्यांत एखादी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल तर तिचं नाव ठळकपणे घ्या. या गोळीवर असलेल्या माणसाचे किटोन वाढलेले असतानाही मीटर दोनशेच्या आतला आकडा दाखवू शकतं, आणि समोरच्या दमलेल्या डॉक्टरला शुगर ठीक आहे असं वाटू शकतं. तेव्हा किटोनची तपासणी मागून घ्या.