अथाबास्का थ्रिफ्ट: वाळूच्या मुलखातलं खडीवरचं फूल

[दृश्य: विमानातून दिसणारी वाळू, पलीकडे निळं पाणी]

हे वाळवंट वाटतं, पण नाही. इथे पाऊस पडतो, बर्फ पडतं. हा कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताचा उत्तर भाग. एका अंगाला अथाबास्का सरोवर, दुसऱ्या अंगाला सूचिपर्णी जंगल आणि मधे सुमारे १०० किलोमीटर पसरलेली वाळू. इथवर रस्ता नाही. पाण्यावर उतरणारं विमान हाच सोयीचा मार्ग.

इथल्या मूळ रहिवासी डेने लोकांच्या कथेत एका महाकाय बीव्हरला, म्हणजे पाण्याकाठी राहणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्याला, भाला लागतो. तो तडफडतो, त्या तडफडीत जमिनीचा भुगा होतो आणि ही वाळू तयार होते. भूवैज्ञानिक सांगतात ती गोष्ट हिमनदीची आहे. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी बर्फ वितळलं, पाण्यानं वालुकाश्माची झीज वाहून आणली आणि मग वाऱ्यानं तिचे ढीग रचले. काही टेकड्या ३० मीटर उंच आहेत.

[दृश्य: टेकडीच्या पायथ्याची सपाट जमीन]

कॅमेऱ्याला टेकड्याच आवडतात. पण आपलं फूल आहे खाली, या सपाटीवर. वाऱ्यानं बारीक वाळू उडवून नेली, जड खडे मागे राहिले आणि त्यांचीच फरसबंदी झाली. वाळू इथे जरा स्थिरावते, आणि तेवढ्या आधारावर हे रोप, झुडपं-गवत नसलेल्या जागेत, सोटमूळ खोल सोडतं. वर गवतासारख्या पानांचा ठोंब, बिनपानी दांडा, टोकाला गुलाबी फुलांचा गेंद.

[दृश्य: फुलाचा गेंद, वाऱ्यात डोलणारा]

शास्त्रीय नाव आर्मेरिया मॅरिटिमा, उपप्रजाती इंटेरियर. ‘मॅरिटिमा’ म्हणजे समुद्राकाठची, ‘इंटेरियर’ म्हणजे आतल्या मुलखातली! हिची भावंडं युरोपात खाऱ्या वाऱ्यात कड्यांवर फुलतात. ही मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, आणि जगात फक्त याच वाळूत. ‘थ्रिफ्ट’चा दुसरा अर्थ काटकसर. म्हणूनच की काय, १९३७ पासून ब्रिटनच्या बाराकोनी तीन पेनीच्या नाण्यावर थ्रिफ्टची फुलं होती.

१९९२ साली इथे प्रांतिक उद्यान झालं. कॅनडाच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत ही उपप्रजाती ‘विशेष चिंते’च्या वर्गात आहे, म्हणजे अजून संकटात नाही, पण तशी होऊ शकते. गाड्यांचा त्रास नाही, गर्दीही नाही. प्रश्न आहे तो पावलांचा. खड्यांचा थर एकदा मोडला की खालची वाळू पुन्हा उडू लागते, आणि ठसा वर्षानुवर्षं बुजत नाही.

[दृश्य: खडीचा मोकळा पट्टा, दूरवर एकच गुलाबी ठिपका]

या फुलाचं चित्रीकरण आम्ही पट्ट्याच्या बाहेर उभं राहून, लांबूनच केलं आहे.