द्राक्षाच्या डोळ्यावर ज्याचा डोळा

(सोलापुरात द्राक्ष बागायतदारांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दुपारची वेळ आहे, पोटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी गेलीय. तुमचे डोळे मिटायच्या आत द्राक्षाच्या डोळ्यांबद्दल, म्हणजे काडीवर जिथून फूट निघते त्या कोंबांबद्दल, बोलून घेतो.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीनंतर आठ-दहा दिवसांनी एका बागायतदाराचा सकाळीच फोन आला. "साहेब, डोळे फुटायला लावलेली पेस्ट बोगस निघाली. शेजारच्याची बाग फुटली, माझे निम्मे डोळे झोपलेत. आज दुकानदाराला सोडत नाही." म्हटलं, आजच्या दिवस सोडा त्याला, मी येतो.

बागेत जाऊन पाहिलं तर डोळे झोपलेले नव्हतेच. चांगले फुगले होते, कापसलेही होते, म्हणजे कापसासारखी लव दिसत होती. पण भिंग लावलं तर कापसाच्या मधोमध खड्डा, चमच्यानं खरवस कोरावा तसा. पेस्टनं तिचं काम केलं होतं, पुढचं काम दुसऱ्यानं केलं होतं.

गाडीत घरच्यांची पिवळी छत्री होती. ती उघडून वेलीखाली उलटी धरली आणि ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, दोन थापा मारल्या. छत्रीत सालीचा भुगा, वाळकी पानं आणि मसुराएवढे काही तपकिरी दाणे पडले. "हे कसलं बी?" बागायतदारांनी विचारलं. म्हटलं, हात लावू नका, बघत राहा. मिनिटभर काहीच हललं नाही. मग एका दाण्याला पाय फुटले, मिशा फुटल्या आणि तो छत्रीच्या काडीवरून तुरुतुरु वर निघाला. मग दुसरा. एका वेलीवरून नऊ मोजले.

हा उडद्या भुंगेरा. चार-साडेचार मिलिमीटर लांबीचा, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी झाक आणि पाठीवर सहा काळसर ठिपके. शास्त्रीय नाव स्केलोडोंटा स्ट्रायजिकॉलिस, ते पाठ करू नका. पण त्याच्या नावात एक घोळ आहे, तेवढा सांगतो. खरे उडणारे, म्हणजे पिसवेसारख्या टणाटण उड्या मारणारे भुंगेरे वेगळ्या गटातले. त्यांच्या मागच्या मांडीत स्प्रिंगसारखी रचना असते, त्यामुळे मांडी फुगीर दिसते. आपल्या द्राक्षावरच्या उडद्याकडे ती स्प्रिंग नाही. चाहूल लागली की तो पाय पोटाशी घेतो, पकड सोडतो आणि दगडासारखा खाली पडतो. वर मेल्याचं सोंग घेतो. आपण त्याला पारखायला वेल हलवतो आणि म्हणतो, "उडाला!" उडाला कुठला, पडला. हा फरक नुसता पुस्तकी नाही. उडणाऱ्याला पकडता येत नाही, पडणाऱ्याला खाली छत्री धरता येते.

हा पानभुंगेऱ्यांच्या कुळातला. जगात या कुळाच्या पस्तीस हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे आणि त्यात आपल्या ओळखीचे बरेच निघतात. काकडी-भोपळ्याच्या दोन पानांच्या रोपाची चाळण करणारा तांबडा भुंगेरा याच कुळातला. तुमच्या घरात डब्यातल्या हरभऱ्याला गोल भोक पाडणारा भुंगा? तोही यांचा चुलतभाऊ, मात्र पान सोडून दाण्यात शिरलेला. आणि पावसाळ्यात रस्त्याकडेचं गाजर गवत खाऊन फस्त करणारा मेक्सिकन भुंगेरा तर आपण मुद्दाम आणला, १९८४ मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा सोडला. पुढे तो सूर्यफुलाची पानं खाताना दिसला आणि मोठा वाद पेटला. आपल्या भागात तेव्हा सूर्यफूल बरंच होतं, त्यामुळे जुन्या लोकांना ती धास्ती आठवत असेल. पुढे अभ्यास झाला, त्यात कळलं की सूर्यफुलाच्या पानावर गाजर गवताचे परागकण पडले की तो फसतो आणि ते पान चाखतो. भुंगेरा असा वासाचा आणि चवीचा गुलाम असतो. असो, उडद्याकडे परत येऊ.

मला आज खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे. उडद्या छाटणीनंतर येत नाही. तो आधीपासूनच असतो.

पावसाळाभर मांडवावर पाला मावत नाही. त्या पाल्यात उडद्या जेवत असतो. पानाला लांबट, पेन्सिलीनं रेघ ओढावी तशी भोकं पाडतो. तुम्ही पाहता आणि पुढे जाता, कारण एवढ्या पाल्यात दहा पानं गेली काय नि राहिली काय. मग ऑक्टोबरात तुम्ही कात्री घेऊन दोन-चार दिवसांत सगळा पाला उतरवता. भुंगेऱ्याच्या बाजूनं विचार करा. काल भरलेलं ताट होतं, आज नुसती काडी. त्याची भूक तेवढीच आणि तोंडही तेवढंच. सालीखाली बसून राहतो तो. आठवड्यानं अख्ख्या बागेत कोवळं काय उरतं? फक्त डोळे. जो घास पावसाळ्यात फुकट जात होता, त्याची किंमत आता एक घड.

एक घड म्हणतो ते उगाच नाही. थंड देशांत वेल वर्षातून एकदा झोपतो आणि एकदाच फुटतो. आपल्याकडे थंडी तेवढी नाही, म्हणून आपण त्याला दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. खरड छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत काडीच्या डोळ्यात घडाची जडणघडण होते. म्हणजे ऑक्टोबरात फुगणाऱ्या डोळ्यात उन्हाळ्यात तयार झालेला घड गुंडाळून ठेवलेला असतो. एका डोळ्यात मुख्य डोळ्याच्या बगलेला राखीव डोळेही असतात. मुख्य गेला तर राखीव फुटतो, बाग हिरवी होते आणि बागायतदाराला वाटतं संकट टळलं. पण राखीव डोळ्यातून आलेली फूट बऱ्याचदा वांझ असते. पाला येतो, घड येत नाही. ज्यांच्या फोनची गोष्ट सांगितली, त्यांची बाग नोव्हेंबरात शेजाऱ्याइतकीच हिरवीगार होती. फरक घड मोजताना कळला.

एप्रिलात डोळा गेला तर ओलांडा मध्येच मोकळा राहतो, फुटी मागेपुढे होतात. नुकसान आहे, पण ऑक्टोबरसारखा घाव नाही.

आता याचं बाळंतपण कुठे होतं? मादी वेलीच्या सुटलेल्या सालीखाली अंडी घालते, एका ठिकाणी वीस-चाळीस. एक मादी आयुष्यात दोनशेच्या वर अंडी घालते. चार ते आठ दिवसांत अळ्या निघतात, टपाटप खाली मातीत पडतात आणि पांढऱ्या मुळीची साल कुरतडत महिना-सव्वा महिना जमिनीत राहतात. तिथेच मातीची कोठडी करून कोषात जातात, आठवडा-दीड आठवड्यानं भुंगेरा बाहेर. सगळं मिळून दीड-दोन महिने. सोलापूरच्या उन्हात बाकीची जमीन तापून फुफाटा होते, पण ठिबकच्या नळीखाली ओल असते. ओल तिथे पांढरी मुळी, आणि मुळी तिथे अळी. जमिनीत मेटारायझियम किंवा ब्यूव्हेरिया, म्हणजे कीड मारणारी बुरशी, सोडायची तर तेही याच ओल्या पट्ट्यात सोडा. कोरड्या मातीत बुरशी जगत नाही, पैसे मात्र जातात.

प्रौढ भुंगेरा महिनोन्‌महिने जगतो. हे लक्षात घेतलं तर पुढचं सगळं समजतं. त्याला लपायला जागा हवी. सोलापूर जिल्ह्यात जुन्या बागा कमी नाहीत, नान्नजची सोनाका ही द्राक्षाची जात तर राज्यभर गेली. जुन्या वेलीच्या खोडाला केळीच्या सोपटासारखी साल सुटलेली असते. तीच त्याची चावडी. तिथेच अंडी, तिथेच मुक्काम. म्हणून साल काढा.

फवारणी करूच नका असं मी म्हणत नाही. डोळे फुगायला लागले की दोन-तीन दिवसांचा तो काळ फार नाजूक असतो आणि त्या वेळी शिफारशीतलं औषध वापरावं लागतं. पण भुंगेरा सालीखाली बसला असताना पंपानं ओलांडा धुऊन काय मिळणार? आणि डोळे खाऊन झाल्यावर फवारणी म्हणजे वरात गेल्यावर घोडं आणण्यासारखं.

आता तुमच्यातल्या एका दादांनी चिठ्ठी पाठवली आहे, "साल काढायची मजुरी परवडत नाही." बरोबर आहे, पूर्ण खोड सोलायला बायका लागतात आणि दिवस लागतात. मग असं करा. खोडाच्या वरचा फाटा आणि ओलांडा, एवढंच हातानं घासून घ्या. जास्त भुंगेरे तिथेच सापडतात. हे काम छाटणीच्या वेळीच उरका. साल खाली सोडू नका, सालीबरोबर अंडीही खाली पडतात. गोणीत भरून बाहेर न्या आणि जाळा. तेही होत नसेल तर फाट्यावर काथ्याचा किंवा केळीच्या सोपटाचा झुबका बांधा. भुंगेरा आसऱ्याला त्यात शिरतो. सकाळच्या गारव्यात, तो सुस्त असताना, झुबका रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीवर झटका. जुने लोक हे करायचे, तेव्हा कीटकनाशकांच्या बाटल्या एवढ्या नव्हत्या.

आणि आज बागेत गेल्यावर आधी दहा वेली बघा. प्रत्येकीखाली छत्री धरा आणि थाप मारा. दाणा दिसला तर लगेच निघून जाऊ नका. मिनिटभर थांबा.