आतून कडी लावलेली मॅच

ही जी रिकाम्या खोलीत हातवारे करताना दिसतेय ना, डोक्यावर हेडसेट, दोन्ही हातांत कंट्रोलर, ती व्हर्च्युअल रिॲलिटीत, म्हणजे व्हीआरमध्ये, दाराचं चित्र काढतेय. एका जिमचं दार, आतून कडी लावलेलं. आता तिला जे दिसतंय ते बघा.

काळोखात चार रेघा, झालं दार.

१२ मार्च १९४४, रविवारची सकाळ, अमेरिकेतलं डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना, बरंचसं शहर चर्चमध्ये बसलेलं. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलची गोऱ्या पोरांची टीम गाड्यांतून मुद्दाम वळसे घेत कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात आली, म्हणजे आजच्या नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटीत, आणि कोणी ओळखू नये म्हणून डोक्यावर जॅकेटं ओढून आत शिरली, मग दार बंद. काळ्या-गोऱ्यांना सगळीकडे वेगळं ठेवणाऱ्या, ‘जिम क्रो’ म्हणतात त्या कायद्यांचा काळ होता तो. काळ्या-गोऱ्यांनी एकमेकांशी बास्केटबॉल खेळणं जिवावर बेतू शकत होतं.

आत रेफरी होता, घड्याळ होतं, प्रेक्षक नव्हते. कृष्णवर्णीय टीमचे कोच जॉन मॅकलेंडन, बास्केटबॉल ज्यांनी शोधला त्या जेम्स नेस्मिथकडे कॅन्ससला शिकलेले, आणि तिथल्या टीममध्ये मात्र रंगामुळे जागा नाही मिळाली. त्यांची पोरं धावायची, बॉल हातात आला की सुसाट, आणि मॅच संपली ८८-४४.

एकही फोटो नाही. पेपरमध्ये एक ओळ नाही. एका पत्रकाराला कळलं होतं, त्याने लिहायचं नाही असं कबूल केलं आणि शब्द पाळला. ही गोष्ट जगासमोर आली १९९६ ला, स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकाराने लिहिली तेव्हा, ५२ वर्षांनी.

आता हातांकडे बघा. व्हीआरमध्ये ब्रश हवेत फिरतो आणि त्याची रेघ रिबिनीसारखी असते, समोरून रुंद दिसते, बाजूने बघितली तर कागदाच्या कडेएवढी, त्यामुळे एक खेळाडू उभा करायचा तर त्याच्याभोवती फिरत फिरत रेघा मारायला लागतात, पाठीमागून, बगलेतून, कधी जमिनीवर बसून. बास्केटची रिंग १० फुटांवर, तिथे हात पोचत नाही, मग दोन्ही कंट्रोलर जवळ आणून ती अख्खी जिम खेळण्याएवढी लहान करते, रिंग काढते आणि परत मोठी करते. पहिल्या वेळी रिंग लहान असताना गोल वाटली होती, मोठी करून खाली उभी राहिली तर चक्क वाकडी. पुसली. परत काढली. हे असं तीन वेळा.

(इथे काही सेकंद नुसता खोलीचा आवाज.)

भिंतींना रंग नाही दिलाय बघा. फोटोच नाही तर रंग कुठून आणणार, म्हणून नुसत्या बारीक रेघा. खेळाडूंना चेहरे पण नाहीत, झुकलेली अंगं, लांब केलेले हात, धावण्याचे पट्टे एवढंच, कारण कोण कुठे उभा होता ते म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींवरूनच जुळवायचं होतं. मला हे फार बरोबर वाटतं. जे माहीत नाही ते सुंदर करून भरायचं नाही.

आणि एक गोष्ट, याच्यासाठी तर हा व्हिडिओ करायचं ठरलं. हे चित्र उघडलं की ते एकदम समोर येत नाही, ज्या क्रमाने काढलं त्या क्रमाने रेघा परत उमटत जातात. म्हणून तिने आधी क्रम ठरवला, मग चित्र काढलं. पहिलं दार. मग खिडक्या. मग खिडकीशी लटकून डोकावणारी दोन-चार डोकी, कारण काही विद्यार्थी तसे खरंच चढले होते, तेवढाच काय तो प्रेक्षकवर्ग. मग जमीन, आणि सगळ्यात शेवटी खेळाडू.

हे ओपन ब्रश या व्हीआरमध्ये चित्र काढायच्या ॲपमध्ये केलंय. त्याचं मूळ ॲप टिल्ट ब्रश, ते गूगलने २०२१ ला थांबवून कोड सगळ्यांसाठी खुला केला, तो पुढे लोकांनीच चालू ठेवलाय. दुसऱ्या फॉरमॅटमध्येही एक कॉपी काढून ठेवलीये, इतिहास एका ॲपच्या भरवशावर टाकायचा नाही.

मॅकलेंडननी नंतर टेनेसी ए अँड आय या कॉलेजला १९५७, ५८, ५९ सलग तीन नॅशनल टायटल जिंकून दिली. आणि त्या मॅचनंतर चारच महिन्यांनी, डरहॅममध्येच, बसमधल्या जागेवरून वाद झाला म्हणून ड्रायव्हरने बुकर स्पाइसली या काळ्या सैनिकाला गोळी घातली, ड्रायव्हर निर्दोष सुटला.

हा शेवटचा भाग. ८८-४४ झाल्यावर पोरांनी लगेच दुसरी मॅच खेळली, यावेळी टीम मिसळून, एक टीम शर्ट घालून आणि एक उघड्या अंगाने. म्हणून इथे दोन टीमच्या रेघांचे दोन वेगळे रंग राहत नाहीत.

बघणाऱ्याला तिने खिडकीबाहेर उभं केलंय. फाइल पहिल्यापासून लावतोय, आता मी बोलत नाही.