हिरवा सरडा वर का गेला?

(दृश्य : पाण्यावरून संथपणे जवळ येणारं झाडांनी भरलेलं छोटं बेट)

हे फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं मस्किटो लगून. केनेडी अंतराळ केंद्र इथून जवळच आहे. समोरचं बेट मात्र माणसाने केलेलं, तेही नकळत. १९५०च्या दशकात बोटींच्या वाटेसाठी खाडीचा तळ खणला आणि निघालेला गाळ बाजूला टाकला. त्या ढिगांवर झाडं वाढली, किडे आले, सरडे आले.

(दृश्य : फांदीवरचा हिरवा सरडा, गळ्याखालचा पडदा उघडतो)

हा हिरवा अनोल, इथला मूळचा. रंग बदलून तपकिरीही होतो, तेव्हा अंगाच्या रंगावर जाऊ नका, गळा बघा. नराचा पडदा गुलाबी.

आणि हा तपकिरी अनोल. पडदा लालसर नारिंगी, कडेला पिवळी किनार. मूळ क्युबा आणि बहामाजचा, माणसाच्या मालाबरोबर इकडे पोचलेला. जमिनीवर आणि बुंध्याच्या खालच्या भागात राहतो. किडे तेच खातो, जे हिरव्याला हवेत.

१९९५ साली जीवशास्त्रज्ञ टॉड कॅम्पबेल यांनी इथल्या तीन बेटांवर तपकिरी सरडे सोडले, तीन बेटं तशीच ठेवली. आज असा प्रयोग म्हटला तर भुवया उंचावतील. पण तपकिरी सरडा या परिसरात तेव्हा शिरलेलाच होता. काही महिन्यांतच हिरव्यांनी बुंधा सोडून वरच्या फांद्या गाठल्या. ही झाली सवय. शरीराचं काय?

(दृश्य : लांब काठी, टोकाला दोऱ्याचा फास, सरड्याच्या डोक्यावरून अलगद सरकणारा)

ते पाहायला २०१०मध्ये संशोधक योएल स्टुअर्ट आणि त्यांचे सहकारी इथे आले. सरडा पकडायची पद्धत ही अशी. काठी जवळ आली तरी बहुतेकदा तो जागचा हलत नाही, हे आमच्या कॅमेरामनला शेवटपर्यंत पटलं नाही.

(दृश्य : स्कॅनरच्या काचेवर टेकवलेला पाय, पडद्यावर मोठी केलेली बोटं)

आता हा पाय नीट बघा. बोटाखाली फुगीर गादी, तिच्यावर आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर साध्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस. आपल्या घरातली पाल याच युक्तीने भिंतीवर चढते, फक्त तिच्या कुळात ती स्वतंत्रपणे घडली. कार्यालयात कागद स्कॅन करतो तसलंच हे यंत्र. पाय काचेवर दाबायचा, प्रतिमा घ्यायची, गादी मोजायची, पट्ट्या मोजायच्या. पुढच्या सरड्याला पुन्हा तेच. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

जिथे तपकिरी सरडे पोचले होते, तिथल्या हिरव्यांच्या गाद्या मोठ्या निघाल्या, पट्ट्याही जास्त. फरक काही टक्क्यांचाच. काळ पंधरा वर्षांचा, सरड्यांच्या साधारण वीस पिढ्या. उत्क्रांती म्हटली की लाखो वर्षं आणि जीवाश्म आठवणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा ऐकावा.

(दृश्य : प्रयोगशाळेतले पिंजरे, अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू)

शंका रास्त आहे : सतत वर चढूनच बोटं भरली असतील तर? म्हणून दोन्ही प्रकारच्या बेटांवरच्या गाभण माद्या आणून त्यांची पिल्लं प्रयोगशाळेत वाढवली. सगळ्यांना परिस्थिती एकच. तरीही फरक टिकला. म्हणजे तो जन्मानेच आला होता. २०१४मध्ये हे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

गंमत म्हणजे हिरव्याचे पूर्वजही क्युबाचेच. तिथे त्यांचे जवळचे भाऊबंद तपकिरी अनोलच्या शेजारी आजही नांदतात.

(दृश्य : जमिनीवरच्या पाल्यात तपकिरी सरडे)

खालची जागा आता यांची. हिरव्यांची पिल्लंही ते खातात आणि ते पोचतात तिथे हिरव्यांची संख्या घटते.