पंधरा दिवसांचा झटका आणि पुढचं भाकीत

नमस्कार श्रोतेहो. चांगला चालताबोलता माणूस एकाएकी भलतंच बोलायला लागतो, कानात आवाज येतात म्हणतो, आठ-पंधरा दिवसांत ठीकही होतो, आणि मग घरच्यांचा एकच प्रश्न, डॉक्टर, हे पुढे स्किझोफ्रेनियावर, म्हणजे भास-भ्रमांच्या लांबत जाणाऱ्या आजारावर, तर नाही ना जाणार?

यावर माझी आवडती गोष्ट सांगतो. नॉर्वेत गॅब्रिएल लांगफेल्ट नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. जुने पेशंट वर्षांनी गाठून कोण बरं झालं, कोण नाही, हे त्यांनी तपासलं आणि 1939 मध्ये एक गट वेगळा काढला, दिसायला स्किझोफ्रेनिया पण बरा होणारा, नाव दिलं स्किझोफ्रेनिफॉर्म. म्हणजे भाकितातला बापमाणूसच की! तर दुसरं महायुद्ध संपल्यावर 1945 ला यांच्यासमोर मनाच्या तपासणीला आणलं कुणाला, तर क्नुत हामसुनला. 1920 चं नोबेल मिळालेला लेखक, पण युद्धात नाझींच्या बाजूने उभा राहिलेला. म्हातारा 86 वर्षांचा, कानाने ठार बहिरा, त्याला काही महिने क्लिनिकमध्ये ठेवून घेतलं आणि 1946 मध्ये रिपोर्ट दिला की वेडा नाही, पण बौद्धिक शक्ती कायमच्या खालावल्यात. आणि या गृहस्थाने काय करावं? 1949 मध्ये, नव्वदीत, एक झकास पुस्तक छापलं आणि त्यात प्रोफेसरसाहेबांनाच धुतलं! पुढे 1990 च्या सुमारास लांगफेल्टच्या त्या जुन्या फायली नॉर्वेतल्याच डॉक्टरांनी पुन्हा उघडल्या, तर त्या 'बऱ्या होणाऱ्या' गटात मूडचे आजार असलेले पुष्कळ जण निघाले.

म्हणून आज डॉक्टर पटकन शिक्का मारत नाहीत. महिन्याच्या आत पूर्ण बरं वाटलं तर अल्पकालीन सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा थोड्या दिवसांचा झटका, आणि स्किझोफ्रेनिया म्हणायला अमेरिकी निकषांप्रमाणे कमीत कमी सहा महिने लागतात. आणि एक गोष्ट उलटी आहे, नीट ऐका. आजार झपाट्याने आला, माणूस पार गोंधळून गेला, रडतोय, घाबरतोय, हे बघायला भयंकर, पण पुढच्या दृष्टीने बरं लक्षण. पुन्हा सांगतो, गोंधळ आणि घबराट हे बरं लक्षण. काळजी त्याची, जो वर्षभर हळूहळू गप्प होत गेला, मित्र सुटले, अभ्यास सुटला, चेहऱ्यावर काही उमटेना. त्यात वय कमी, मुलगा, घराण्यात आजार आणि गांजा असेल तर जास्तच. 2020 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, तर गांजामुळे सायकोसिस झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला पुढे स्किझोफ्रेनिया झालेला दिसला, आणि तरी लोक म्हणतात गांजा काय, झाडपाला!

पण ही लक्षणं गटाबद्दल सांगतात, तुमच्या घरातल्या एका माणसाबद्दल नाही. त्यामुळे बरं वाटलं तरी तपासणीला जात राहा, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आणि झोप उडायला लागली की पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.